जुन्या बेसला पितळी सॅडल: एका पावसाळ्यानंतर

बेस गिटारची सॅडलं, म्हणजे तार ज्यावर टेकते ते धातूचे छोटे ठोकळे, बदलल्यावर अख्खा पावसाळा गेला, गणपती झाले, दिवाळीचे कार्यक्रमही उरकले. आता त्यावर बोलायला हरकत नाही. बेस जपानी बनावटीचा, सत्तरच्या दशकातला, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसच्या धाटणीचा. गोव्यातल्या एका निवृत्त बँडवाल्याकडून आमच्या वाद्यवृंदाकडे आला आणि तेव्हापासून वेंगुर्ल्यात असतो. किनाऱ्यावरच्या घरात जिथे दाराच्या बिजागऱ्या धड राहत नाहीत, तिथे निकेलचा मुलामा उडालेल्या लोखंडी सॅडलची काय अवस्था होणार!

तक्रारी दोन होत्या. पहिली, ई आणि ए तारांनी सॅडलमध्ये खोल खाच पाडली होती. खाच रुंद झाली की तार एका बिंदूवरून सुटण्याऐवजी लांबट जागेवर घासत सुटते आणि स्वराला तंबोऱ्यासारखी जवारी, म्हणजे झणझण, चढते. तंबोऱ्यात ती कारागिराकडून मुद्दाम काढून घ्यायची असते, बेसमध्ये ती नको असते. दुसरी तक्रार जास्त चिवट होती: उंची ठरवणारे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) गंजून सॅडलमध्येच बसले होते. त्यामुळे जी तार खाली आलेली, ती वर घेता येईना. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरवलं, मग स्क्रूच्या माथ्यावर सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक टेकवलं. बहुतेक सुटले. एकाची खोबण आतून गोल झाली होती, तो ड्रिलनेच काढावा लागला.

खाच कानशीने घासून नीट करता येते, आणि सॅडल धड असेल तर आधी तेच करावं. पण घासलेल्या जागी उघडं लोखंड राहतं, आणि आमच्या हवेत त्यावर आठवडाभरात तांबूस थर येतो. म्हणून नवीनच करायचं ठरवलं. परदेशातून सेट मागवला असता तर नुसता टपालखर्च आणि कस्टमच डोक्यावर बसलं असतं. कुडाळच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे जुनं सॅडल घेऊन गेलो. त्यांनी ते हातात फिरवून पाहिलं आणि विचारलं, "ह्या खंयच्या मशिनीचा?" गिटारचं म्हटल्यावर हसले, पण मापं व्हर्नियरने घेतली, नजरेने नाही. पितळेच्या कांबीतून चार नग काढून दिले.

इथे आट्यांकडे लक्ष हवं. माझ्या ब्रिजवर, म्हणजे सॅडल बसतात त्या पट्टीवर, एम-३ (३ मिमी) निघाले, त्यांना १.५ मिमीची अ‍ॅलन की (षट्कोनी चावी) लागते. अमेरिकन ब्रिजच्या ग्रब स्क्रूंवर सहसा ६-३२ या इंची मापाचे आटे आणि १/१६ इंची खोबण असते, म्हणजे जवळजवळ १.६ मिमी. दोन्ही चाव्या दिसायला सारख्याच. १.५ ची चावी १/१६ च्या खोबणीत सैल फिरते आणि तिचे कोपरे खाऊन टाकते. आपल्याकडे आलेल्या कितीतरी जुन्या बेसांवर हा उद्योग कुणीतरी आधीच करून ठेवलेला दिसतो.

स्क्रू मात्र मी पितळेचे घेतले नाहीत, इतक्या बारीक मापात ते फारच मऊ पडतात. ३१६ दर्जाचं स्टेनलेस घेतलं, होड्यांच्या फिटिंगला वापरतात तेच. साध्या ३०४ पेक्षा त्यात मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या हवेतलं क्लोराइड त्याला लवकर टोचत नाही. दोन वेगळे धातू एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो, ही भीती होती. पण इथे स्टेनलेस इवलासा आणि पितळ भरपूर, त्यामुळे पितळावर परिणाम जाणवण्याइतका होत नाही. तरी आट्यांना ग्रीसचं बोट लावलंच.

नवीन सॅडलवर खाच अगदी उथळ ठेवली, तारेच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. ०.१०५ इंची ई तार जवळपास २.७ मिमी जाड असते, तेव्हा एक मिलिमीटर पुष्कळ. खाचेची धार मात्र गिटारच्या मानेकडच्या बाजूला हवी, म्हणजे तार तिथूनच सुटते.

आता अनुभव. जवारी गेली, पूर्ण गेली. उंची लावली ती हलली नाही. श्रावणात मानेचा बाक थोडा बदलला, पण तो ट्रस रॉडचा, म्हणजे मानेतल्या सळीचा मामला, सॅडलचा दोष नव्हे. हे आधी तपासावं, नाहीतर माणूस उगाच सॅडल वर-खाली करत बसतो. इंटोनेशन, म्हणजे मानेवर वर-खाली कुठेही दाबलं तरी सूर बरोबर येणं, सगळ्या तारांवर नीट लागलं. या बाबतीत पहिला, १९५१ चा प्रिसिजन आठवतो: चार तारांना दोनच सॅडल, म्हणजे दोघींची तडजोड. चार सॅडल १९५७ मध्ये आले.

आवाजाबद्दल मी फार बोलणार नाही. पितळाने ‘गोडवा’ येतो असं लोक छातीठोकपणे सांगतात. बदलल्या दिवशी मलाही तसं वाटलं, पण त्याच दिवशी तारा नव्या होत्या. नंतर जुन्या फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्यांच्या) तारा परत चढवून पाहिल्या, तेव्हा फरक उरला तो ई तारेच्या सुरुवातीच्या ठोक्यात किंचित, आणि तोही हेडफोन लावून. त्यासाठी पैसे घालू नयेत.

पितळ काळवंडलं आहे, तळहात टेकतो तिथे हिरवटही झालं आहे. सुती फडक्याने पुसतो, चिंचेने घासत नाही. एका मित्राने वर लॅकर मारायला सांगितलं. तसं करू नका. तारांना मिळणारं अर्थिंग सॅडल, स्क्रू आणि ब्रिजच्या पट्टीतूनच जातं. लॅकर मारलं की तार हातात धरली तरी घुंईऽऽ आवाज चालूच राहतो. त्याच ओघात ब्रिज काढलेला असेल तेव्हा खालून येणारी अर्थची वायर बघून घ्या. माझ्याकडे तिचं टोक हिरव्या भुकटीत लपलं होतं. पॉलिश पेपरने साफ केल्यावर वर्षानुवर्षांची गुणगुण निम्म्यावर आली. सॅडलपेक्षा मोठा फायदा तोच म्हणायला हवा.

नाराजी एकच: ‘जी’ (G) तारेच्या सॅडलचे स्क्रू लांब पडले, वर डोकावतात आणि तळहात टेकून वाजवताना टोचतात. दोन मिमी आखूड स्क्रू मिळाले की बदलेन. मूळची लोखंडी सॅडलं तेल लावून डबीत ठेवली आहेत. पुढे कुणी बेस विकत घेतला तर तो ती आधी मागेल.