सुला, गंगापूर धरण: टूर आणि टेस्टिंगचा अनुभव

मागच्या फेब्रुवारीत पप्पांना घेऊन सुलाला, म्हणजे नाशिकच्या वाईनरीला गेलो होतो, आमची पिंपळगावला थॉमसनची (बिनबियांची खायची द्राक्षं) बाग आहे त्यामुळे पप्पांना वाईनपेक्षा वेलीत इंटरेस्ट जास्त. टूरवाल्या पोराने सगळी स्टोरी सांगितली, सुला सुरू करणारे राजीव सामंत अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकून ओरॅकलमध्ये नोकरीला होते, ती सोडून घरच्या जमिनीवर आले, आधी आंबा, खायची द्राक्षं वगैरे करून बघितलं आणि मग 1997 ला वाईनची द्राक्षं लावली, पहिली वाईन आली 2000 साली. आईचं नाव सुलभा, त्यावरून सुला. खरं सांगतो, तेव्हा नाशकात शेनिन ब्लाँ (वाईनच्या द्राक्षाची जात) लावणं म्हणजे खायचं काम नव्हतं, आमच्याकडे मणी फुगवायची स्पर्धा आणि वाईनला पाहिजे बारीक, बियांचा, जाड सालीचा मणी! पप्पांनी एक तोंडात टाकला, बी चावली आणि म्हणाले, "गोडी भारी आहे रे, पण हा मार्केटला कोण घेईल?"

वाईनच्या टाक्यांच्या खोलीत मस्त गारवा, स्टीलवर हात लावला तर ओला झाला. टेस्टिंगला सोविन्यों ब्लाँ ही व्हाइट वाईन सगळ्यात आवडली, ग्लास फिरवून वास घेतला की सरळ पेरू. शिराझ ही रेड वाईन मला जरा तुरट लागली, पण मटणाबरोबर चालेल.

शनिवार रविवार गर्दी फार असते, मधल्या वारी जा आणि शक्यतो जानेवारी ते मार्चमध्येच, तेव्हा तोडणी चालू असते.