तुर्भ्याचा टेम्पो आणि मावशीची पाटी

ठाण्यात आमच्याकडे भाजी दोन वाटांनी येते.

पहिली नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या बाजार समितीतून, म्हणजे घाऊक बाजारातून. नाशिक, पुणे, साताऱ्याकडचा माल रात्रीतून तिथे उतरतो, पहाटे किरकोळ विक्रेते तो उचलतात आणि सकाळी कोबी-टोमॅटो गल्लीत हजर, बाराही महिने. एवढ्या शहराचं पोट भरायला दुसरा उपाय नाही, हे मान्यच. पण सगळी भिस्त एकाच दारावर ठेवणं धोक्याचं. मे २०२० मध्ये करोनामुळे तो बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला, तेव्हा हे कळलं.

दुसरी वाट मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायकांची. पाऊस सुरू झाला की त्या स्टेशनबाहेर रानभाज्यांची पाटी मांडतात: शेवळं, टाकळा, कुरडू, भारंगी, पुढे करटोली. ना खत, ना फवारणी, ना बियाण्याचा खर्च. पैसा थेट त्यांच्या हातात. परवा शेवळं घेतली, तर मावशींनी मूठभर काकडं, म्हणजे रानातली आंबट फळं, वरून घातली. "हे टाकल्याबिगर रांधू नको बाय, घसा खाजंल." ही माहिती कोबीबरोबर कोणी देत नाही, आणि ती विसरली गेली तर भाजी रानात असूनही खाता येणार नाही.

हंगाम मात्र चार महिन्यांचाच. शिवाय रान तुटलं की पाटीही रिकामी.

म्हणून रोजची भाजी तुर्भ्याचीच घेते. पावसाळ्यात मात्र आठवड्यातून दोनदा मावशींकडे जाते, आणि तिथे घासाघीस अजिबात करत नाही.