फुटबॉल मॅनेजरचं विकतचं गाईड: पैसे कुठे वसूल होतात, कुठे पाण्यात जातात

फुटबॉल मॅनेजर (एफएम) या क्लब चालवण्याच्या कॉम्प्युटर गेमची नवी आवृत्ती, एफएम २६, आली आणि एफएम २४ साठी विकत घेतलेल्या गाईडाचा अर्धा भाग एका दिवसात निकामी झाला. ६ फेब्रुवारी २०२५ ला एफएम २५ रद्द झाल्याचं जाहीर झालं, त्यामुळे एफएम २४ च दोन वर्षं चालला आणि गाईडही तेवढंच जास्त वापरता आलं, हे मान्य. पण ४ नोव्हेंबर २०२५ ला युनिटी इंजिनवरचा नवा गेम आला तेव्हा खेळाडूच्या रोलपुढची, बचाव की हल्ला हे सांगणारी डिफेंड-सपोर्ट-अटॅक ही ड्युटीच निघून गेली. बॉल आपल्याकडे असताना एक फॉर्मेशन आणि नसताना दुसरं, अशी मांडणी आली. गाईडाच्या टॅक्टिकच्या प्रत्येक पानावर ड्युटी छापलेली आहे. विकताना 'कायम मोफत अपडेट' असं लिहिलं होतं. विचारणा केल्यावर उत्तर आलं की नवा गेम म्हणजे नवी आवृत्ती, पूर्ण किंमत पडेल. परतावाही नाही. खिशातले पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल हे चालणार नाही, म्हणून हा सविस्तर अनुभव. वापर दोन ठिकाणी झाला: इंग्लंडच्या चौथ्या पातळीवरच्या लीग टूमधला कमी बजेटचा क्लब आणि आयएसएलमधला मुंबई सिटी.

आधी तयार टॅक्टिक, कारण गाईड विकलं जातं ते त्याच्याच नावावर. गाईडातलं मुख्य टॅक्टिक म्हणजे ४-२-३-१ गेगेनप्रेस: मेंटॅलिटी पॉझिटिव्ह, डिफेन्सिव्ह लाइन वर, हाय प्रेस (समोरच्याच्या भागात जाऊन बॉलसाठी दबाव), ट्रिगर प्रेस (तो दबाव किती वेळा आणायचा) सर्वांत जास्त, टेम्पो जोरात, बॉल गेला की लगेच काउंटर-प्रेस. मोठ्या क्लबात हे चालतं. लीग टूमध्ये ते पहिला तासभर चालतं. तिथल्या मिडफिल्डरचा स्टॅमिना वीसपैकी नऊ-दहा असतो, वर्क रेट आणि टीमवर्कही त्याच घरात. पासष्टाव्या मिनिटाच्या आसपास दमणूक दाखवणारी हृदयाची चिन्हं नारिंगी होतात, प्रेस तुटक होतो, म्हणजे दोघं धावतात आणि बाकीचे उभे राहतात, आणि समोरच्याला मधून सरळ वाट मिळते. त्यात सेंटर-बॅकचं ॲक्सिलरेशन सात-आठ असेल तर वर ठेवलेल्या लाइनच्या मागे टाकलेला प्रत्येक लांब पास धोक्याचा. गाईडात यावर एक ओळही नाही. या टॅक्टिकसाठी स्टॅमिना, वर्क रेट, टीमवर्क आणि ॲक्सिलरेशन किमान किती हवं, एवढं चार आकड्यांत लिहिता आलं असतं. लीग टूसाठी उपाय साधा आहे: लाइन स्टँडर्ड, मिड ब्लॉक (मैदानाच्या मधल्या भागात अडवणं), ट्रिगर प्रेस मधल्या खुणेवर, आणि काउंटर-प्रेसची टिक काढून टाकायची.

मेंटॅलिटीबद्दलही गाईड गप्प आहे आणि इथे नवखे हमखास फसतात. टीम इन्स्ट्रक्शन या मेंटॅलिटीच्या सापेक्ष असतात. अटॅकिंग मेंटॅलिटीतली 'वरची लाइन' आणि कॉशस (सावध) मेंटॅलिटीमधली 'वरची लाइन' या मैदानावरच्या दोन वेगळ्या जागा आहेत. टेम्पो आणि विड्थचंही तेच. एक गोल पुढे असताना नुसती मेंटॅलिटी दोन पायऱ्या खाली आणली की बाकी सगळं आपोआप सरकतं, आणि गाईडातल्या स्क्रीनशॉटशी आपल्या टीमचा काही संबंध उरत नाही.

आता ज्या गोष्टीचा सर्वांत जास्त राग आहे ती. अख्ख्या गाईडात गेमच्या पॅचचा, म्हणजे दुरुस्ती-अपडेटचा, नंबर कुठेही नाही. एकाही पानावर नाही. ही बारीकसारीक गोष्ट वाटेल, पण गाईडाची अर्धी किंमत याच एका ओळीत आहे. या गेमचं मॅच इंजिन, म्हणजे मॅच प्रत्यक्ष चालवणारी यंत्रणा, सीझनभर एकसारखं राहत नाही. नोव्हेंबरमध्ये गेम येतो, मग दुरुस्त्या येतात, जानेवारीची ट्रान्सफर विंडो मिटल्यावर मोठा डेटा अपडेट येतो आणि त्यासोबत इंजिनातही फेरफार होतात. सुरुवातीच्या पॅचवर जे टॅक्टिक इंजिनातल्या एखाद्या फटीमुळे गोलांचा पाऊस पाडत होतं, ती फट बुजवली की त्याच टॅक्टिकची टीम गुणतक्त्याच्या मध्यावर रखडते. वाचणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. तो खेळाडू विकतो, फॉर्मेशन बदलतो, टॅक्टिकल फॅमिलिॲरिटी (टीमला झालेली टॅक्टिकची सवय) परत खाली जाते, आणखी चार मॅच हातच्या जातात. हे सगळं टाळायला वरच्या कोपऱ्यात एक ओळ पुरली असती: कोणत्या पॅचवर, कोणत्या लीगमध्ये, किती सीझन तपासलं. औषधाच्या पट्टीवर एक्स्पायरी असते तशी ही ओळ असायलाच हवी. तिच्याशिवाय टॅक्टिकचं पान विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला अंधारात ठेवणं. प्रकरण कितीही सुंदर लिहिलेलं असो, टॅक्टिकच्या भागाला याच एका कारणासाठी पाचातले दोन स्टार.

तरीही पानं फाडून टाकू नका. तयार टॅक्टिक लावण्यापेक्षा उलगडून पाहिलं तर शिकायला मिळतं. याच ४-२-३-१ ची डावी बाजू घ्या. पुढे इनसाइड फॉरवर्ड अटॅक ड्युटीवर, त्याच्या मागे सेगुंडो वोलांटे (मागून पुढे धावणारा मिडफिल्डर) अटॅकवर, आणि लेफ्ट-बॅकच्या जागी इन्व्हर्टेड विंगबॅक. इनसाइड फॉरवर्ड आत कापतो, वोलांटे बॉक्सकडे धावतो, इन्व्हर्टेड विंगबॅक मधल्या जागेत शिरतो. म्हणजे तिघंही आत. डाव्या टचलाइनवर कोणी नाही, त्यामुळे समोरचा डिफेन्स मध्ये दाटीवाटीने उभा राहतो आणि त्याला बाजूला खेचणारं कोणी उरत नाही. बॉल गेला की आणखी वाईट. समोरचा राइट विंगर मोकळ्या पट्ट्यातून धावतो, डावा सेंटर-बॅक त्याच्याकडे ओढला जातो आणि दुसऱ्या पोस्टवर क्रॉस पडतो. खाल्लेल्या गोलांचे असिस्ट कुठल्या भागातून झाले ते पाहिलं की सगळे ठिपके त्याच पट्ट्यात दिसतात. दुरुस्ती दोन क्लिकची: लेफ्ट-बॅकला विंगबॅक सपोर्ट करा म्हणजे बाहेरची बाजू तो धरेल, आणि वोलांटेच्या जागी डीप-लाइंग प्लेमेकर डिफेंडवर बसवा म्हणजे मागे एक माणूस कायम राहील. इनसाइड फॉरवर्ड तसाच ठेवा. हे कारण समजलं की पुढचं टॅक्टिक स्वतः बांधता येतं. गाईडाने मात्र फक्त चित्र दिलं आहे, कारण दिलेलं नाही.

वंडरकिडच्या, म्हणजे पुढे स्टार होतील अशा पोरांच्या, यादीवर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. नावांची यादी देण्याची परंपरा चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२ या जुन्या गेममध्ये गाजलेल्या चेर्नो सांबा या तरुण स्ट्रायकरच्या काळापासूनची आहे आणि तिची मजा वेगळी आहे. पण पैसे देण्यासारखं त्यात काही नाही. डेटाबेसमध्ये कित्येक तरुणांचा पोटेन्शियल आकडा ठरलेला नसतो, उणे आकडा दिलेला असतो. उणे ९ म्हणजे दोनशेपैकी १५० ते १८० मधलं काहीही, आणि नवी सेव्ह (नवा डाव) सुरू केली की तो परत नव्याने ठरतो. एका सेव्हमध्ये जागतिक दर्जाचा झालेला पोरगा दुसरीत साधारण दर्जाचा निघू शकतो. त्यात इंग्लंडमध्ये ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, परदेशी खेळाडूला परवान्यासाठी साधारणपणे १५ गुण जमवावे लागतात. लीग टूच्या क्लबाने यादीतल्या अठरा वर्षांच्या ब्राझिलियन पोराला बोली लावली तर बहुतेक वेळा परवान्यापाशीच गाडी अडते. यादीत या अटीचा उल्लेख असायला हवा होता, तो नाही.

ट्रेनिंगच्या प्रकरणाबद्दल सुरुवातीचं मत बरं नव्हतं, कारण त्यातलं साप्ताहिक वेळापत्रक आठवड्याला एकच मॅच धरून केलेलं आहे. लीग टूमध्ये २४ टीम आणि ४६ मॅच, वर तीन कप. मंगळवारची मॅच सारखी येते. गाईडातला आठवडा सेव्ह करून लावला की मंगळवारी मॅच बसते, पण सोमवार-बुधवारचे फिजिकल आणि एन्ड्युरन्सचे सेशन तसेच राहतात. दमलेल्या टीमला परत पळवलं जातं आणि हॅमस्ट्रिंगची रांग लागते. दोन मॅचच्या आठवड्यासाठी वेगळं वेळापत्रक सेव्ह करायचं: मॅचच्या दुसऱ्या दिवशी रिकव्हरी आणि बाकी रेस्ट, त्यानंतर मॅच रिव्ह्यू, मॅचच्या आदल्या दिवशी मॅच प्रिव्ह्यू, मध्ये जमलं तर एक टॅक्टिकल आणि एक सेट-पीसचं (कॉर्नर, फ्री किकचं) सेशन. एक्स्ट्राचा रकाना रिकामा. एकाच मॅचच्या आठवड्यात मंगळवार-बुधवारी फिजिकल घालायला हरकत नाही.

अपडेट, बऱ्याच वापरानंतर: वेळापत्रकाचं पान सोडलं तर ट्रेनिंग आणि स्टाफ हीच या गाईडाची खरी कमाई आहे, असं आता ठाम मत झालं आहे. तीन गोष्टींसाठी.

पहिली, कोचचे स्टार. डिटर्मिनेशन, लेव्हल ऑफ डिसिप्लिन आणि मोटिव्हेटिंग हे तीन आकडे प्रत्येक विभागाच्या स्टारमध्ये मोजले जातात, विभागाचं स्वतःचं कौशल्य त्यावर चढतं. हे तक्त्यात स्वच्छ दिलं आहे. कमी पगाराचा क्लब असेल तर हे सोन्यासारखं, कारण नावाजलेला पण शिस्तीत सात असलेला कोच महाग पडतो आणि स्टारही कमी देतो. एका कोचवर तीन विभाग लादण्यापेक्षा एकेक विभाग वाटून दिला की तेच लोक जास्त स्टार दाखवतात.

दुसरी, इंटेन्सिटीची स्वयंचलित सेटिंग. ट्रेनिंगमधल्या रेस्टच्या पानावर हृदयाच्या प्रत्येक रंगासाठी वेगळी इंटेन्सिटी ठरवता येते. पूर्ण हिरवं असेल तर दुप्पट, त्याखालचं नॉर्मल, त्याखालचं निम्मी, आणि सर्वांत वाईट अवस्थेत मैदान-जिम दोन्ही बंद. नॅचरल फिटनेस कमी असलेल्यांना दुप्पट देऊ नका, त्यांना स्वतंत्रपणे नॉर्मलवर ठेवा. एकदा लावलं की सीझनभर पाहावं लागत नाही. फक्त वैयक्तिक फोकस जोडला की वर्कलोड वाढतो, तेवढं लक्षात ठेवायचं. क्विकनेसचा फोकस ॲक्सिलरेशन आणि पेसवर काम करतो आणि तो कोवळ्या वयातच फळतो. तिशीच्या विंगरवर तो लावून उपयोग नाही.

तिसरी आणि सर्वांत मोलाची, मेंटरिंग, म्हणजे अनुभवी खेळाडूंच्या गटात ठेवून कोवळ्या पोराला वळण लावणं. खेळाडू वाढतो की कुजतो हे प्रोफेशनलिझम या लपलेल्या आकड्यावर फार अवलंबून असतं. तो थेट दिसत नाही, पर्सनॅलिटीच्या शब्दातून ओळखावा लागतो. मॉडेल प्रोफेशनल, प्रोफेशनल, मॉडेल सिटिझन, रिझोल्यूट, पर्फेक्शनिस्ट दिसलं की धरून ठेवा. स्लॅक, कॅज्युअल, स्पाइनलेस दिसलं की पोरांपासून लांब ठेवा. किमान तिघांचा गट लागतो. त्यात दोन चांगले आणि एक कोवळा, असं प्रमाण ठेवा. उलटं केलं तर वळण उलट दिशेने जातं. पोरगा अंडर-१८ मध्ये असेल तर आधी त्याला सीनियर स्क्वाडमध्ये आणा, तरच गटात घेता येतो. टीम हायरार्कीत वरचा आणि वयाने मोठा माणूस जास्त प्रभाव टाकतो. एक धोका गाईडाने बरोबर सांगितला आहे: गटात ट्रेट्सही (खेळण्याच्या खोडी) उतरतात. म्हणून लांबून शॉट मारायची खोड असलेल्या म्हाताऱ्या मिडफिल्डरच्या गटात फिनिशर पोराला टाकू नका. याच्या जोडीला हेड ऑफ यूथ डेव्हलपमेंट निवडताना त्याची पर्सनॅलिटी पाहायची, कारण मार्चमध्ये यूथ इनटेकमधून क्लबात येणाऱ्या नव्या पोरांवर तिची छाप पडते. एवढ्या एका प्रकरणासाठी गाईडाचे निम्मे पैसे वसूल झाले असं म्हणता येईल.

मुंबई सिटीच्या सेव्हमध्ये मात्र गाईड जवळपास मुकं आहे. आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू. गाईडातलं प्रत्येक टॅक्टिक अकराच्या अकरा जागा हव्या तशा भरता येतील असं धरून चालतं. इथे आधी चार जागा ठरवायच्या आणि मग टॅक्टिक. सेंटर-बॅक, मधला मिडफिल्डर आणि स्ट्रायकर या तीन जागी परदेशी माणूस हवाच, कारण त्या जागांवर देशी पर्याय थोडे आणि महाग, चौथा टॅक्टिकप्रमाणे. विंग आणि फुल-बॅकला देशी पोरं, त्यांच्याकडे वेग असतो. म्हणून त्यांना अवघड रोल देऊ नका, साधा विंगर आणि फुल-बॅक सपोर्ट पुरे. राखीव परदेशी स्ट्रायकर घेण्यात अर्थ नाही, तो उतरवायला दुसरा परदेशी बाहेर काढावा लागतो. एफसी गोवा किंवा दुसऱ्या कुठल्याही आयएसएल टीमला हेच लागू.

सेट-पीसचं प्रकरण ठीक आहे. कॉर्नर आणि जंपिंग रीच (उडी मारून गाठायची उंची) हे दोन आकडे, मागे दोन वेगवान माणसं ठेवणं, यापलीकडे त्यात नवीन नाही, आणि एफएम २४ मध्ये सेट-पीस कोच आल्यावर बरंचसं काम तोच करतो.

विकत घ्यायचंच असेल तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी मागा: पॅचचा नंबर, कोणत्या लीगमध्ये तपासलं ती लीग, आणि अपडेट मोफत म्हणजे त्याच गेमच्या पॅचपुरते की पुढच्या वर्षीच्या गेमसाठीही. आताचं एफएम २६ चं गाईड घेणार असाल तर बॉल असतानाचं आणि नसतानाचं अशी दोन्ही फॉर्मेशन दाखवली आहेत का ते नमुन्याच्या पानावर बघा; एकच चित्र असेल तर ते जुन्याच पानांना नवं मुखपृष्ठ लावलेलं आहे. रोलचे अर्थ समजून घ्यायला पैसे मोजू नका, ते गेमच्या आत एफएमपीडिया या माहितीकोशात फुकट आहेत. आणि जुनं गाईड पडून असेल तर त्यातली टॅक्टिकची पानं बाजूला ठेवून कोच आणि मेंटरिंगची तेवढी काढून घ्या.