पंचावन्नपुढच्या महिलांचा सकाळचा व्यायामवर्ग, दांडियाबाजार, बडोदे : अनुभव आणि मत

दांडियाबाजारातील एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर भरणाऱ्या या वर्गाला मी गेल्या उन्हाळ्यापासून जात आहे. वजन कमी करायचे म्हणून नाव घातले होते आणि वजन कमी झालेही. परंतु मी या वर्गाची शिफारस करते ती काट्यावरच्या आकड्यासाठी नव्हे. आपल्या वयाच्या बाईचे वजन उतरत असताना तिच्या अंगातले बळ उतरू नये, याची काळजी इथे पहिल्या दिवसापासून घेतली जाते, आणि मला ही गोष्ट इतकी मोलाची वाटते की तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

पाळी थांबल्यानंतर शरीरातील इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते. त्यामुळे चरबी मांड्यांऐवजी पोटाभोवती साठू लागते आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हाडांची घनता झपाट्याने कमी होते. स्नायू तर चाळिशीपासूनच हळूहळू झिजत असतात. अशा अवस्थेत बाईने केवळ जेवण तोडून वजन उतरवले, तर उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसून स्नायूंसारख्या कामाच्या भागाचा असतो. काट्यावर आकडा खाली आलेला पाहून घरचे कौतुक करतात, पण जिना चढताना तीच बाई कठड्याला जास्त धरू लागलेली असते, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या नणंदेच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिले. शहरातील एका स्लिमिंग सेंटरने तिला पोटाला बांधायचा घामाचा पट्टा दिला, थरथरणाऱ्या यंत्रावर उभे केले आणि दुपारच्या जेवणाऐवजी प्यायला पावडर दिली. पट्ट्याने जाते ते पाणी, आणि ते दोन पेले पाणी प्यायल्यावर परत येते. पावडरीने वजन मात्र खरोखर घटले. नंतर ते पुन्हा वाढले, आणि तिच्या दंडाची गेलेली ताकद काही परत आली नाही. या प्रकारच्या जाहिरातींना साठीच्या बायका बळी पडतात याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण पैशांपेक्षा मोठे नुकसान त्यांच्या शरीराचे होते.

या वर्गात प्रवेशाच्या दिवशी वजनाआधी इतर गोष्टी पाहिल्या जातात. चालू औषधांची यादी घेतात, रक्तदाब मोजतात, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्या बाईला उपाशीपोटी व्यायाम करू देत नाहीत, कारण काही औषधांबरोबर व्यायामाने साखर एकाएकी खाली येऊ शकते. पूर्वी हाड मोडले असेल किंवा हाडे ठिसूळ असल्याचा रिपोर्ट असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगतात, आणि अशा बाईला कमरेतून पुढे वाकण्याचे प्रकार देत नाहीत. मग टेपने कमरेचा घेर घेतात. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटीमीटरच्या वरचा घेर धोक्याचा मानतात, आणि आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २३ च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात, हे तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताई प्रत्येकीला नीट समजावून सांगतात.

त्यानंतर खुर्चीची चाचणी होते. हात छातीवर घडी घालून ठेवायचे, खुर्चीवरून पूर्ण उभे राहायचे, पुन्हा बसायचे, आणि अर्ध्या मिनिटात हे किती वेळा जमते ते मोजायचे. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या बाईला अकरापेक्षा कमी वेळा जमले तर ते सरासरीपेक्षा कमी समजतात. दुसरी चाचणी खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे अशी असते. तिला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे धरतात. हे दोन आकडे दर तीन महिन्यांनी वहीत उतरवतात. माझ्या मते त्या वहीतले हे दोन रकाने वजनाच्या रकान्यापेक्षा खरे बोलतात. बाथरूममधून सावरून बाहेर येणे, बसमधून उतरणे, रात्री उठून दिवा लावणे, या सगळ्याचा हिशेब त्यांत असतो.

वर्ग आठवड्यातून तीन दिवस, सकाळी तासभर चालतो. सुरुवातीला जागच्या जागी चालून अंग गरम करतात. मग ताकदीचे प्रकार येतात: खुर्चीवरून ऊठबस, भिंतीला हात टेकून दंड काढणे, रबरी पट्टा दोन्ही हातांनी मागे खेचणे, टाचा उचलणे आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणे. डंबेल एक किलोपासून सुरू होतात, पण तिथेच थांबत नाहीत, आणि मला या वर्गाचे हे मोठे वैशिष्ट्य वाटते. एखादा प्रकार करताना शेवटच्या दोन खेपांना कष्ट पडले नाहीत तर पुढच्या आठवड्यात वजन वाढवतात. वजन उचलताना श्वास रोखून धरला की रक्तदाब चढतो, म्हणून उचलताना श्वास सोडत मोठ्याने मोजायला लावतात. चाळीस बायका एका सुरात मोजू लागल्या की वाड्याचे छत घुमते. वयस्कर बायकांना हलक्या हातापायांच्या हालचाली पुरेत, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. बोस्टनमधील एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा रहिवाशांना आठ आठवडे पायांचा जड वजनाचा व्यायाम दिल्यावर तो पुरा करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, हा अभ्यास १९९० सालीच प्रसिद्ध झाला होता. तेव्हा पासष्टीच्या बाईला दोन किलोचे डंबेल देताना हात आखडता घेण्याचे कारण नाही.

या वर्गातील मुख्य विचाराला आधार देणारा आणखी एक अभ्यास २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आला. पासष्टच्या पुढच्या १६० स्थूल स्त्रीपुरुषांचे गट करून वजन कमी करण्याच्या आहाराबरोबर एका गटाला चालण्यासारखा व्यायाम दिला, एकाला ताकदीचा आणि एकाला दोन्ही मिळून. आणखी एका गटाला आहार किंवा व्यायाम काहीच दिले नाही. व्यायामाच्या तिन्ही गटांत वजन सुमारे ९ टक्के घटले. मात्र रोजच्या हालचालींची क्षमता दोन्ही व्यायाम करणाऱ्यांत २१ टक्के वाढली आणि एकच व्यायाम करणाऱ्यांत १४ टक्के. शिवाय नुसता चालण्याच्या धाटणीचा व्यायाम करणाऱ्यांच्या शरीराचा चरबीविरहित भाग, म्हणजे स्नायू वगैरे, ५ टक्के कमी झाला, तर ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांचा फक्त २ टक्के. कमाटीबागेत रोज सकाळी नेमाने फेऱ्या मारणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे मी आवर्जून सांगते. चालणे सोडू नये. पासष्टपुढच्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बागेतल्या फेऱ्यांतून यातला पहिला भाग पुरा होतो आणि उरलेले दोन तसेच राहतात.

आता सर्वांत उपयोगी धड्याविषयी लिहिते, तो म्हणजे जमिनीवरून उठण्याचा. सतरंजी अंथरून प्रत्येकीला आडवे व्हायला सांगतात. आधी एका कुशीवर वळायचे, कोपर टेकून वर यायचे, मग दोन्ही हात व गुडघे जमिनीवर ठेवून रांगण्याच्या स्थितीत यायचे, समोरच्या स्टुलावर दोन्ही तळवे टेकायचे, सशक्त पाय पुढे घेऊन पाऊल सपाट ठेवायचे, आणि हातांवर व त्या पायावर भार देत उठून सावकाश वळून स्टुलावर बसायचे. घाई कोणी करत नाही. गुडघ्याखाली घडी घातलेला टॉवेल देतात. आमच्यातल्या एका काकूंनी कित्येक वर्षे जमिनीवर बसून पूजा केली नव्हती, देव ओट्यावर मांडले होते. त्यांना हे जमू लागले तेव्हा त्यांनी स्टूल सोडून पाटावर हात टेकवून उठून दाखवले. एकट्याने राहणाऱ्या बाईला पडल्यावर उठता येणे किंवा न येणे यात किती अंतर आहे, ते ज्यांच्या घरी असा प्रसंग आला त्यांनाच ठाऊक. गुडघे दुखणाऱ्यांनी हा धडा टाळू नये, ताईंशी बोलून आपल्यापुरता बदलून घ्यावा. शरीराचे वजन एक किलो उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, त्यामुळे वजन उतरवणे आणि हा धडा ही दोन्ही कामे एकमेकांना साथ देतात.

श्रावणापासून आडव्या पावलांचे आणि वळण्याचे प्रकार वाढवतात, कारण मंगळागौरीच्या झिम्मा-फुगडीनंतर नवरात्रातला गरबा असतो आणि बडोद्यात घरात बसून नवरात्र काढणे कोणाला जमत नाही. एका पायावर वळताना घोटा आणि नितंबाचे स्नायू तयार नसतील तर तोल जातो. प्रो. माणिकरावांनी नावारूपाला आणलेले जुम्मादादा व्यायाममंदिर असलेल्या या गावात ताकदीची परंपरा जुनीच आहे, आणि ती आता आमच्या पिढीच्या बायकांपर्यंत पोहोचते आहे याचा मला अभिमान वाटतो.

आहाराच्या बाबतीत मात्र वर्गाने अधिक कष्ट घ्यायला हवेत. छापील कागदावर अंडी, पनीर आणि पावडरीचे प्रोटीन एवढेच ठळकपणे लिहिलेले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागते, आणि वयस्करांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे साठ किलोच्या बाईला दिवसाला ५० ते ७० ग्रॅम. हे वरणभात आणि पोळीभाजीत आपोआप भरत नाही. वाटीभर घट्ट वरणात सहासात ग्रॅम मिळतात, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठरा-वीस, ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीनच्या वड्यांत पंधराच्या आसपास. मोड आलेली मटकी, दही, बेसनाचे धिरडे, भाजणीच्या थालीपिठाबरोबर ताक यांचा हिशेब त्या कागदावर असता तर घरोघरी उपयोग झाला असता. चातुर्मासात उपास वाढतात आणि साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसते, तेव्हा उपासाच्या दिवशी शेंगदाणे, दही आणि दूध कसे वाढवावे हे तर सांगायलाच हवे होते. शेव-उसळ आणि भाकरवडी यांच्यावर सरसकट बंदी घातलेली आहे. बडोद्यात राहून ती बंदी कोणी पाळत नाही. महिन्यातून कधी आणि किती, हे सांगितले तर लोक ऐकतील. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी प्रोटीन वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, हे वाक्यही कागदावर यायला हवे.

आणखी दोन उणिवा आहेत. वजन सर्वांच्या समोर, दाराजवळच्या काट्यावर करतात आणि आकडा मोठ्याने सांगून वहीत लिहितात. नवीन येणाऱ्या बायका या एका कारणाने संकोचतात, काहींनी येणेच थांबवले. पडद्यामागे काटा ठेवणे सहज शक्य आहे. शिवाय स्पीकरवरील गाण्यांचा आवाज इतका असतो की श्रवणयंत्र लावणाऱ्यांना सूचना ऐकू येत नाहीत, आणि वजन हातात असताना सूचना न ऐकू येणे धोक्याचे आहे. या दोन्ही गोष्टी मी ताईंच्या कानावर घातल्या आहेत. आवाज थोडा कमी झाला, काटा अजून जागेवरच आहे.

फी महिन्याला बाराशे रुपये असून ती मला वाजवी वाटते, कारण चाळीस जणींना दोन ताई आणि एक मदतनीस असतात आणि चुकीची हालचाल दिसली की लगेच कोणीतरी जवळ येऊन हात लावून दुरुस्त करते. वर्ग मराठी-गुजरातीत मिळून चालतो. छातीत दुखणे, चालताना धाप लागणे, किंवा गेल्या काही महिन्यांत शस्त्रक्रिया झालेली असणे, अशा कोणालाही ताई आधी डॉक्टरांकडे पाठवतात. त्याचा राग मानू नये. महिन्यात पाच-सात किलो उतरवायचे असतील तर इथे येऊन निराशाच पदरी पडेल, इथे आठवड्याला अर्धा किलोही जास्त समजतात. सहा महिन्यांनी स्वतःची बादली स्वतः उचलायची असेल, नातवाला जमिनीवरून कडेवर घ्यायचे असेल, तर इथे जरूर यावे. जुलैनंतर जागा भरत जातात, म्हणून नवरात्राच्या तयारीसाठी यायचे असल्यास आषाढ संपण्याआधी नाव घालावे, आणि पहिल्या दिवशी पायांत न घसरणारे बूट, पाण्याची बाटली आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर आणावी.