डॉ. डिक यांनी थांबवलेलं घड्याळ: अलेक्झांड्रियाच्या मेसॉनिक स्मारकाची फेरी

मुलीकडे व्हर्जिनियात राहायला गेले होते, तेव्हा अलेक्झांड्रियामधलं जॉर्ज वॉशिंग्टन मेसॉनिक नॅशनल मेमोरियल दोनदा पाहिलं. पहिल्यांदा मुलीने आग्रहाने नेलं, दुसऱ्यांदा मी तिला ओढून नेलं. मी तीस वर्षं कान-नाक-घशाची डॉक्टर होते. त्यामुळे हे परीक्षण इमारतीपेक्षा तिथल्या एका घड्याळाबद्दल जास्त आहे.

आपल्याकडे लॉज म्हटलं की मुक्कामाची खोली डोळ्यांपुढे येते. इथे लॉज म्हणजे फ्रीमेसन बंधुमंडळाची शाखा, आणि तिचा प्रमुख तो मास्टर. अलेक्झांड्रिया लॉज क्रमांक २२ ला १७८८ मध्ये व्हर्जिनियाच्या मुख्य लॉजची सनद मिळाली, तेव्हा सनदेत मास्टर म्हणून खुद्द वॉशिंग्टन यांचं नाव होतं. पुढे ही जबाबदारी डॉ. एलिशा कलन डिक यांच्याकडे आली. जन्म १७६२ चा, वैद्यकशास्त्र फिलाडेल्फियात बेंजामिन रश यांच्या हाताखाली शिकलेले. विशीतच अलेक्झांड्रियात येऊन त्यांनी दवाखाना थाटला. १५ एप्रिल १७९१ ला जोन्स पॉइंटवर नव्या राजधानीच्या हद्दीचा पहिला दगड बसवला गेला, त्या विधीला मास्टर हेच. १८ सप्टेंबर १७९३ ला कॅपिटॉलची, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनाची, कोनशिला बसली, तेव्हाही आपलं लॉज घेऊन हे हजर. वॉशिंग्टन यांनी त्या दिवशी वापरलेली चांदीची थापी स्मारकाच्या संग्रहात आहे. हाताच्या मापाची, साधीच वस्तू, पण तिच्यासमोरून लवकर हलवत नाही.

जुन्या लॉजच्या दालनाची प्रतिकृती आहे, तिथे घाई करू नका. विल्यम विल्यम्स या चित्रकाराकडून लॉजने करवून घेतलेलं १७९४ चं वॉशिंग्टन यांचं चित्र जवळ जाऊन बघा. गालावर देवीचे व्रण, एक जुनी खूण, तीळ, सगळं जसंच्या तसं. डॉलरच्या नोटेवरचा तो गुळगुळीत चेहरा हा नव्हे. रुग्णाला तपासताना दिसतो तसा चेहरा आहे, आणि मला तरी तोच खरा वाटला.

आणि मग ते घड्याळ. वॉशिंग्टन यांच्या शयनगृहातलं. १४ डिसेंबर १७९९ च्या रात्री त्यांचे प्राण गेले आणि डॉ. डिक यांनी ते १० वाजून २० मिनिटांवर थांबवलं, असं लॉजमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. आमच्या वाटाडे गृहस्थांनी हे सांगताना आवाज खाली आणला. ते स्वतः मेसन होते आणि पाठ केलेलं म्हणून दाखवत नव्हते. मी घशाची डॉक्टर आहे म्हटल्यावर त्यांनी बाकीच्यांना पुढच्या दालनात पाठवलं आणि माझ्याशी दहा मिनिटं बोलत थांबले.

त्या दिवशी खाटेभोवती तीन डॉक्टर होते: जेम्स क्रेक, गुस्तावस ब्राउन आणि डिक. डिक सगळ्यांत धाकटे, वय ३७. घसा सुजून श्वास कोंडत होता. आजच्या बहुतेक डॉक्टरांना ती एपिग्लॉटायटिसची, म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडावरच्या झाकणाला सूज येण्याची, लक्षणं वाटतात, मलाही. तेव्हाच्या रीतीप्रमाणे उपचार म्हणून दिवसभरात मिळून ८० औंसांच्या आसपास, म्हणजे दोन लिटरहून जास्त रक्त काढलं गेलं. डिक म्हणाले, आता रक्त काढू नका, रुग्णाला सगळी ताकद हवी आहे. श्वासनलिकेला छेद देऊन हवेला वाट करून द्यावी, असंही त्यांनी सुचवलं. भूल नव्हती, आणि अशा शस्त्रक्रियेचा अनुभव तेव्हा फार थोड्यांना होता. ज्येष्ठांना ते पटलं नाही. काही आठवड्यांनी ब्राउन यांनीच क्रेक यांना पत्रात लिहिलं की डिकचं ऐकलं असतं तर आपला मित्र कदाचित आज जिवंत असता.

मी निवासी डॉक्टर असताना रात्रपाळीला असाच एक घसा आला होता. नळी घालायला छेद देऊया का, असं मी वरिष्ठांना एकदा विचारलं. सकाळपर्यंत बघू, म्हणाले. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. माणूस पहाटे गेला. त्या घड्याळापुढे मी उभी होते तेव्हा तो चेहरा इतक्या वर्षांनी स्पष्ट आठवला, आणि मुलीला ही गोष्ट मी पहिल्यांदा तिथेच सांगितली.

चारच दिवसांनी, १८ डिसेंबरला, माउंट व्हर्नन या वॉशिंग्टन यांच्या घरीच अंत्यसंस्कार झाले. लॉजचे विधी मास्टर या नात्याने केले डॉ. डिक यांनीच, सोबत लॉजचे चॅप्लेन (धर्मगुरू) जेम्स म्यूर होते. ज्याच्यासाठी आपला शब्द चालला नाही, त्यालाच निरोप द्यायचा. लॉजचं पद म्हणजे मान आणि मिरवणूक, असा माझा समज होता, तो इथे बदलला. पुढे डिक अलेक्झांड्रियाचे महापौर झाले, नंतर क्वेकर या ख्रिस्ती पंथात गेले.

व्यवहाराचं थोडं. किंग स्ट्रीट मेट्रो स्थानक समोरच आहे, पण टेकडीचा चढ आणि पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी गाडीने वर जावं. मनोरा ३३३ फुटांचा, १९३२ मध्ये लोकार्पण झालेला. वर निमुळता होत जातो म्हणून लिफ्टही तिरकी चढते. गच्चीवरून पोटोमॅक नदी आणि वॉशिंग्टन शहर दिसतं. फेरी वाटाड्याबरोबरच घ्या आणि डॉ. डिक यांच्याबद्दल आपणहून विचारा, माणसं मनापासून सांगतात. माझ्याकडून पाचपैकी पाच.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिथून क्वीन स्ट्रीटवरच्या वाचनालयात गेलो. ते क्वेकरांच्या जुन्या दफनभूमीवर उभं आहे. १८२५ मध्ये वारलेले डॉ. डिक तिथेच, शिळा नसलेल्या थडग्यात आहेत. मुलगी पुस्तकं चाळत बसली. मी बाहेर हिरवळीवर थोडा वेळ उभी राहिले.