‘हँड साइन्ड’ फ्रेम: चौकट बरी, सही छापील

निकाल आधीच सांगतो. बेळगावातल्या काही गिफ्टच्या दुकानांत, आणि त्याहून जास्त इन्स्टाग्राम-व्हॉट्सअॅपवर, क्रिकेटपटूची ‘हँड साइन्ड, सर्टिफिकेटसह’ फ्रेम साडेतीन ते सहा हजारांना मिळते. चौकटीला पाचपैकी तीन गुण. सहीला शून्य. सर्टिफिकेटला शून्याच्याही खाली काही असेल तर ते, कारण फसवणुकीचं निम्मं काम तोच कागद करतो.

वस्तू साधारण अशी: 12 बाय 18 इंची चकचकीत फोटो, भोवती काळा माउंट, एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) चौकट, काचेच्या जागी अॅक्रिलिक, खाली विक्रमांची पितळी रंगाची पट्टी आणि मागे सोनेरी होलोग्राम लावलेलं सर्टिफिकेट. चौकटीचे कोपरे स्टेपलने जोडलेले असतात. पावसाळ्यात एमडीएफ फुगलं की ते उघडतात. एवढाच माल आपल्या गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडून प्रिंट, माउंटसकट करून घेतला तर हजार-बाराशेत होतो. वरचे पैसे सहीचे, म्हणून तपासायची ती सहीच.

इथे पहिली अडचण येते. फ्रेमची पाठ तपकिरी टेपने बंद केलेली असते आणि वर चिठ्ठी असते: ‘सील काढल्यास परत घेतले जाणार नाही.’ अॅक्रिलिकमागे ठेवलेल्या सहीबद्दल कुणीही, अगदी जाणकारानेही, ठामपणे काही सांगू नये. पैसे देण्याआधी दुकानदाराला त्याच्याच हाताने सील काढायला लावा. तो नाही म्हणाला तर तपासणी तिथेच संपली.

फोटो बाहेर आला की दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. शहापूरच्या सराफाकडे ते असतंच. वडगाव-खासबागेतल्या यंत्रमागवाल्यांकडे कापडाचे धागे मोजायचं घडीचं भिंग असतं, त्यानेही काम भागतं. सहीच्या काळ्या रेघेच्या कडेवर भिंग धरा. निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके दिसले तर सही फोटोबरोबरच छापलेली आहे. या फ्रेमांत बहुधा हेच निघतं. काही विक्रेते शहाणे झालेत: फोटो लॅबमधून काढतात आणि सही नंतर वेगळी, एकाच काळ्या रंगात छापतात. तिथे रंगीत ठिपके नसतात, पण कडेला शाईचे सूक्ष्म शिंतोडे किंवा टोनरची भुकटीसारखी कणी दिसते.

मग फोटो खिडकीशी नेऊन तिरका धरा. मार्करची खरी शाई चकचकीत कागदाच्या वर बसते. प्रकाश तिरका पडला की तिची चमक फोटोच्या चमकेहून वेगळी दिसते. जिथे एक रेघ दुसरीला ओलांडते तिथे रंग जास्त गडद होतो. छापील सहीत हा फरक नसतो, कारण तिथे दोन रेघा एकमेकींवरून गेलेल्याच नसतात. बॉलपेनची सही असेल तर कागदावर खोबण पडते. रबरी शिक्क्याची शाई रेघेच्या कडेला साचते आणि मधे फिकी राहते; छोट्या बॅटींवर हा प्रकार जास्त.

स्पिरिटचा बोळा फिरवून मात्र बघू नका, मग तसा व्हिडिओ कुणी कितीही फॉरवर्ड केलेला असो. मार्करची खरी सही स्पिरिटने विरघळते, छापील तशीच राहते. म्हणजे परीक्षेत पास झालेली सहीच तुमच्या हाताने पुसली जाणार.

सही पेनचीच आहे असं दिसलं तरी खेळाडूने स्वतः केली, हे त्यातून ठरत नाही. यंत्राला पेन बांधून केलेली सही सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दाबाची असते आणि दोन्ही टोकांना शाईचा ठिपका असतो, कारण यंत्र पेन टेकवतं, थांबतं आणि मग निघतं. हे पकडायला एकाच विक्रेत्याच्या, एकाच खेळाडूच्या दोन फ्रेमा घ्या. दोन्हींचे समोरून, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा आणि मोबाइलवर एक अर्धपारदर्शक करून दुसऱ्यावर ठेवा. वळण वळणावर तंतोतंत बसलं तर सही यंत्राची किंवा छापील. माणूस दोनदा सारखी सही करत नाही. बँकेत चेक परत आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

हाताने केलेली नक्कल पकडणं सगळ्यात अवघड. तिथे अक्षराचा आकार पाहू नका, वेग पाहा. हजारो वेळा केलेली सही पेन कागदाला टेकायच्या आधीच सुरू झालेली असते, म्हणून तिची टोकं निमुळती, उडती असतात. कित्ता गिरवणाऱ्याचा हात जपून चालतो: टोकं बोथट, लांब वळणात बारीक कंप, आणि मधेच जिथे कारण नाही तिथे पेन उचललेलं. पूर्ण संघाच्या सह्यांच्या बॅटवर तर पेन एक, दाब एक आणि नावं ओळीत, अंतर राखून बसवलेली. खऱ्या बॅटवर खेळाडू सापडेल त्या कोपऱ्यात, तिरपं, दुसऱ्याच्या नावावर चढूनही लिहितात.

आता सर्टिफिकेट. होलोग्रामचे स्टिकर हवं ते नाव टाकून हजारांनी छापून मिळतात. कागदावर ‘ही वस्तू अस्सल असल्याचे प्रमाणित करण्यात येते’ एवढं वाक्य असतं. सही कोणत्या तारखेला, कुठे, कोणाच्या समोर झाली, यातलं काहीच नसतं. अमेरिकेत एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये 1999 साली बनावट सह्यांच्या एका मोठ्या टोळीवर छापे घातले, तेव्हा तिच्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा सापडले. त्याच सुमारास टोनी ग्विन या बेसबॉलपटूला त्याच्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या. या प्रकरणानंतर, 2001 पासून, मेजर लीग बेसबॉलने सामन्यातली वस्तू किंवा सही साक्षीदाराच्या डोळ्यांसमोर असेल तरच तिला क्रमांक द्यायचा, अशी पद्धत सुरू केली. पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या तपासून देणाऱ्या अमेरिकन कंपन्यांचं स्टिकर असेल तर क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. पण त्यांच्या स्टिकरचीही नक्कल होते, म्हणून नोंद हातातल्या वस्तूशी जुळते का तेही बघा.

बॅट आणि जर्सीच्या बाबतीत भिंगाआधी तारखा कामाला येतात. कसोटीच्या पांढऱ्या शर्टावर नाव आणि नंबर आले ते ऑगस्ट 2019 पासून. सचिन नोव्हेंबर 2013 मध्ये निवृत्त झाला, द्रविड 2012 मध्ये. तरी ‘सचिनचा कसोटी शर्ट, पाठीवर 10’ विकायला येतो, आणि घेणारेही भेटतात! 1996 च्या विश्वचषकात सचिनच्या बॅटवर कुठल्याही कंपनीचा स्टिकर नव्हता. त्या स्पर्धेची म्हणून एमआरएफची बॅट पुढे केली तर हात जोडून निघा. 2011 च्या विश्वचषकाच्या जर्सीवर छातीवर देशाचं नाव होतं, कारण आयसीसीच्या स्पर्धेत प्रायोजकाला तिथे जागा नसते. त्या संघाच्या बॅटवर रोहित शर्माची सही असेल तर प्रश्नच मिटला, तो त्या 15 जणांत नव्हता. प्रवीणकुमारचं नाव आधी जाहीर झालं होतं, पण दुखापतीमुळे त्याच्या जागी श्रीशांत आला. जुनी यादी उतरवणारा इथे फसतो. 1983 च्या 14 जणांपैकी यशपाल शर्मा जुलै 2021 मध्ये गेले. त्यानंतरच्या कार्यक्रमात ‘सगळ्यांनी’ केलेल्या सह्या म्हणजे थापच.

जुन्या कागदांना शाई पकडून देते. भारताची पहिली कसोटी लॉर्ड्सवर 25 जून 1932 ला सुरू झाली (1983 ची फायनलही 25 जूनलाच, तेही लॉर्ड्सवर). त्या संघाच्या सह्या दौतीच्या पेनाच्या किंवा पेन्सिलच्या हव्यात. बॉलपेन बाजारात आलं 1945 च्या सुमारास, फेल्टचे मार्कर त्याच्याही नंतर. नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात कागदावर मारा. कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे आणि तो साधारण 1950 नंतरचा आहे.

किमतीचं गणित सहीवर कमी आणि वस्तूच्या प्रवासावर जास्त चालतं. मॅराडोनाची 1986 ची ‘हँड ऑफ गॉड’ जर्सी मे 2022 मध्ये सदबीजच्या लिलावात सुमारे 71 लाख पौंडांना गेली. ती सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने अदलाबदलीत घेतली होती. लिलावाआधी मॅराडोनाच्या कुटुंबाने ही पहिल्या हाफची जर्सी असल्याचा आक्षेप घेतला, तेव्हा चिन्हाची ठेवण, पट्टे, नंबर यांचे बारकावे सामन्याच्या फोटोंशी जुळवून दाखवण्यात आले. शेन वॉर्नची कसोटी कॅप 2020 मध्ये 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली, कारण ती थेट वॉर्नकडूनच वणवाग्रस्तांच्या मदतीसाठी आली होती. उलट ब्रॅडमन आयुष्यभर चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं देत सह्या करत राहिले, म्हणून त्यांची नुसती सही नावाच्या मानाने स्वस्तात मिळते.

या हिशोबाने पाहिलं तर सहा हजारांच्या फ्रेमपेक्षा बेळगावातल्या एखाद्या पोराच्या वहीचं पान भारी ठरतं. 2019 च्या मे-जूनमध्ये भारत अ आणि श्रीलंका अ संघ ऑटोनगरच्या केएससीए मैदानावर खेळले. ऋतुराज गायकवाडने तिथे नाबाद 187 केल्या, पुढच्या सामन्यात शुभमन गिलनेही शतक ठोकलं. त्या दिवसांतलं पान, तिकीट किंवा पास, सही करतानाचा मोबाइलमधला मूळ फोटो तारखेसकट: हे तीन तुकडे एकत्र असतील तर कुणाच्या होलोग्रामची गरज नाही. फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला नको, त्यात मूळ तारखेची माहिती उरत नाही. गिलसारख्याची तेव्हाची सही आजच्या घाईतल्या सहीशी जुळेलच असं नाही, म्हणून ताडून पाहताना त्याच वर्षाचे नमुने घ्या.

आणखी एक जागा नकली माल बनवणाऱ्यांनी अजून ओळखलेली नाही. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे 1959 चे पहिले हिंदकेसरी. 1956 आणि 1964 च्या ऑलिम्पिक सुवर्णविजेत्या हॉकी संघांचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण मराठा लाइट इन्फंट्रीचे, म्हणजे ज्या रेजिमेंटचं केंद्र बेळगावात आहे तिचे. कुस्तीच्या मैदानांची जुनी हँडबिलं, लष्करी संघांचे गट-फोटो, जिमखान्याच्या स्कोअरवह्या घरांतून रद्दीत जातात. पैसा फार नाही, पण जे मिळेल ते अस्सल मिळेल.

ते सांभाळताना लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन परत निघत नाही, टेपचा पिवळा डाग जात नाही. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडे, फ्रेम बाहेरच्या ओल्या भिंतीला टांगू नका. कागद आम्लरहित पाकिटात, डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि पुडी ओली झाली की बदला. मार्करची शाई उन्हाने उडते, तेव्हा समोर खिडकी नको. बॅटवर सही घ्यायची असेल तर आधी जवसाचं तेल देऊ नका, शाई लाकडाच्या रेषांत पसरते.

फ्रेम घ्यायचीच असेल तर बिलावर ‘खेळाडूने स्वतः हाताने केलेली सही’ असे शब्द लिहून घ्या, नुसतं ‘फोटो फ्रेम’ नको. ऑनलाइन मागवलं तर पाकीट फोडतानाचा व्हिडिओ न तोडता काढा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा, ती नंतर गायब होते. पैसे परत देत नसतील तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे फी लागत नाही.