लोअर परळचा पेल एलचा वर्ग: जरूर जा, पण थर्मामीटर आपला न्या

परवान्याशिवाय बिअर करायला आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे, त्यामुळे घरी करून बघायचा प्रश्नच नव्हता. लोअर परळच्या एका मायक्रोब्रूअरीत थेट धान्यापासून इंग्लिश पेल एल नावाची बिअर करायला शिकवतात असं कळलं, तसं नाव नोंदवलं. मेच्या रविवारी, मेगाब्लॉकमधून वाट काढत डोंबिवलीहून करी रोडला उतरले आणि चालत गेले. फी साडेतीन हजार, आम्ही सहाजण, शिकवणारा मुलगा तिशीच्या आतला.

धान्य मॅरिस ऑटर, म्हणजे १९६० च्या दशकात केंब्रिजला तयार झालेली बार्ली. मोड आणून वाळवलेली. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या घरात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पावणेचार किलो ते आणि पाव किलो क्रिस्टल माल्ट, म्हणजे रंगासाठी जास्त भाजलेली मोडाची बार्ली. दाणा भरडायचा, दळायचा नाही. मी मूठभर हातात घेऊन बघितलं: आतला दाणा इडलीच्या रव्यासारखा फुटलेला, टरफल मात्र जवळजवळ अख्खं. पुढे तेच टरफल गाळणीचं काम करतं. पीठ झालं तर सगळं लापशीसारखं बसतं आणि खाली थेंब उतरत नाही.

पाण्याचा भाग त्याने फार सुंदर शिकवला. इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भरपूर, म्हणून तिथल्या पेल एलचा कडवटपणा कोरडा, स्वच्छ लागतो. आपलं भातसा-तानसा-वैतरणेचं पाणी मऊ. म्हणून २८ लिटरला ६ ग्रॅम जिप्सम. त्याआधी पाणी कार्बन फिल्टरमधून काढलं, कारण क्लोरीन राहिला तर बिअरला दवाखान्याचा वास येतो. एवढ्या एका तासासाठीसुद्धा फी वसूल आहे.

आता तक्रार. भरड गरम पाण्यात घालून तासभर ६६ अंशांवर ठेवायची होती. भांड्याचा डायल ६६ दाखवत होता. मी ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काम करते, काचेचा थर्मामीटर पर्समध्ये होता. वीस मिनिटांनी झाकण उघडलं तर गरम हॉर्लिक्ससारखा वास आला. मी थर्मामीटर बुडवला: ७१.

“मॅडम, डायल नवीन आहे,” तो म्हणाला. मग आयोडीनचा थेंब टाकून दाखवला. निळा रंग आला नाही. “बघा, स्टार्च संपलाय.”

स्टार्च संपला होता, ते खरंच. पण आयोडीन एवढंच सांगतं. त्या स्टार्चची कुठली साखर झाली ते सांगत नाही. यीस्टला सहज खाता येणारी साखर मुख्यतः धान्यातलं बीटा अमायलेज हे एन्झाइम करतं, आणि ७१ अंशांवर ते थोड्याच वेळात निकामी होतं. मागून गार पाणी ओतून ते परत येत नाही. डायल दर वेळी वितळत्या बर्फात आणि उकळत्या पाण्यात तपासायला पाच मिनिटं लागतात. पैसे घेऊन शिकवणाऱ्याने ती द्यायलाच हवीत.

पुढचं काम नेटकं झालं. गाळून निघालेल्या गोड पाण्याला, म्हणजे वॉर्टला, तासभर उकळी, सुरुवातीला फगल जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं), शेवटच्या दहा मिनिटांत ईस्ट केंट गोल्डिंग्ज. थंड करताना मुंबईचा मे महिना आडवा आला: तांब्याच्या वेटोळ्यातून नळाचं पाणी सोडून वॉर्ट ३६ अंशांवर अडकला, मग बर्फाच्या बादलीतून पंपाने पाणी फिरवलं. १९ अंशांना एस-०४ जातीचं यीस्ट पडलं आणि डबा थंड खोलीत गेला. बाहेरच्या ३२ अंशांत ठेवला असता तर उग्र स्पिरिटचा वास आला असता, हे त्याने बजावून सांगितलं.

तीन आठवड्यांनी चव घ्यायला गेलो. ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता; यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं तशी ती उतरते. सुरुवातीची १.०४५, शेवटची १.०११ अपेक्षित होती. १.०१८ ला थांबली. म्हणजे साडेचार टक्क्यांऐवजी साडेतीन टक्के अल्कोहोल, आणि घोट जिभेवर जड. हॉप्सचा वास छान होता, पण ज्या कोरड्या कडवटपणासाठी जिप्सम घातलं तो नव्हता.

एक गोष्ट मनापासून लिहायची आहे. त्या मुलाने ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटर वाचला, सगळ्यांसमोर “चूक माझी” म्हणाला आणि पुढच्या रविवारी पैसे न घेता सहाहीजणांना परत बोलावलं. आम्ही चौघं गेलो. डायलवर तपासणीच्या तारखेची पट्टी होती, तरी त्याने माझाच थर्मामीटर मागून घेतला. ती बिअर १.०११ ला उतरली. १२ अंशांना प्यायलो, फेस बेताचा, रंग मधासारखा, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे तो कोरडा कडवटपणा बराच वेळ रेंगाळला.

पाचपैकी चार. मेगाब्लॉकचा अंदाज घेऊन निघा, वर्ग नऊच्या ठोक्याला सुरू होतो.